जाड सोलची कसोटी आपल्या रस्त्यावर

पहाटे कल्याणच्या खाडीकाठाने, डोंबिवलीच्या घरडा सर्कलभोवती किंवा ठाण्यात उपवनाच्या बाजूला पळणाऱ्यांच्या पायांत हल्ली वीटभर जाडीच्या सोलचे बूट दिसतात. ही लाट आली फ्रान्समधून. 2009 मध्ये आनेसी शहरात निकोला मेरमू आणि जाँ-लुक दियार यांनी ‘होका’ कंपनी काढली, ती डोंगरउतारावर भरधाव पळता यावे म्हणून. उतारासाठी घडवलेला तो जाड फोम पुढे डांबरी रस्त्यावर आला आणि इतर कंपन्यांनीही सोल वाढवत नेले. अखेर 2020 मध्ये जागतिक ॲथलेटिक्स संघटनेला रस्त्यावरील शर्यतींसाठी 40 मिलिमीटरची मर्यादा घालावी लागली. दहा हजारांच्या पुढचा असा बूट घेताना बहुतेकांच्या मनात एकच हिशेब असतो: सोल जितका जाड, तितके गुडघ्याला कमी हादरे. हा हिशेब अर्धाच बरोबर आहे, आणि उरलेला अर्धा दुकानात अंगठ्याने फोम दाबून कळत नाही.

पळताना दर पावलाला वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो. हा भार पाय मुकाट सोसत नाही. जमीन मऊ लागली की तो अधिक ताठ होतो, कठीण लागली की अधिक वाकतो. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या संशोधकांनी हे 1998 मध्येच मोजून दाखवले होते. बुटाच्या बाबतीत त्याचा परिणाम 2018 च्या एका फिनिश अभ्यासात दिसला. जाड सोलच्या बुटात ताशी 14.5 किलोमीटर वेगाने पळताना आघाताचा कमाल जोर साध्या बुटापेक्षा 10.7 टक्के जास्त भरला. ताशी 10 किलोमीटरला हा फरक 6.4 टक्के होता. मग हे बूट फेकून द्यायचे का? इतका टोकाचा निष्कर्ष निघत नाही. त्या अभ्यासात जेमतेम 12 धावपटू होते, आणि मोजला गेला तो आघात, दुखापत नव्हे. दुखापती मोजल्या लक्झेंबर्गमध्ये: आठशेहून अधिक धावणारे, सहा महिने, दिसायला सारखेच पण कठीण आणि मऊ असे दोन प्रकारचे बूट. कठीण बूटवाल्यांना दुखापतीचा धोका सुमारे दीडपट आढळला. मऊपणाचा फायदा मात्र हलक्या वजनाच्यांना अधिक स्पष्ट मिळाला. ‘माझे वजन जास्त, म्हणून मला जाडच सोल हवा’ असे म्हणणाऱ्यांनी हे आवर्जून ध्यानात घ्यावे. शिवाय त्या दोन्ही बुटांत फरक कठीणपणाचा होता, जाडीचा नव्हता. मऊ आणि उंच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उंचीची किंमत आपल्याकडे जास्त मोजावी लागते, कारण ती रस्त्यावर ठरते. काँक्रीटच्या कल्याण-शीळ रस्त्यावर सरळ, संथ, लांब पळायला जाड सोल सुखाचा. तिथून पदपथावर चढले की खचलेले पेव्हर ब्लॉक, गटाराची हललेली झाकणे आणि कडेचे उंचसखल थर सुरू होतात. पाय जमिनीपासून जितका उंच, तितका घोटा मुरगळण्याचा संभव अधिक. तळ रुंद असेल तर तो काहीसा कमी होतो. ठाणे महापालिकेची वर्षा मॅरेथॉन तर भर पावसाळ्यातच होते, आणि ओल्या ब्लॉकवर फोमची जाडी नव्हे, तळाच्या रबराची पकड उपयोगी पडते. कोणी म्हणेल, 1960 मध्ये रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी जिंकला, तेव्हा बुटाची एवढी चिकित्सा कशाला? पण बिकिलाचे पाय वर्षानुवर्षे तसे घडलेले होते. आपले पाय दिवसभर ऑफिसच्या बुटात आणि लोकलच्या गर्दीत असतात.

म्हणून कसोटी स्वतःच्या नेहमीच्या रस्त्यावर घ्यावी. बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना घालून बघावेत. पहिले काही दिवस नेहमीपेक्षा कमी अंतर पळावे, कारण यातल्या अनेक बुटांत टाच आणि चवडा यांच्या उंचीत चार-पाच मिलिमीटरचाच फरक असतो. दहा-बाराची सवय असलेल्या पोटऱ्या त्याने भरून येतात. वळणावर घोटा डगमगतो का आणि दमल्यावर पावलाचा आवाज वाढतो का, एवढे पाहावे. माझे मत स्पष्ट आहे: आठवड्याच्या लांब, संथ पळण्यासाठी जाड सोल घ्यावा, वेगाच्या सरावासाठी, पदपथासाठी आणि जून ते सप्टेंबर बुटका, रुंद तळाचा, चांगल्या पकडीचा बूट घ्यावा. एकच जोड परवडत असेल, तर हा दुसराच निवडावा.