सिबिलचा अंक अकस्मात् कां उतरतो?

आजकाल पुष्कळ शेतकरी बंधूंची अशी तक्रार आमच्या कानीं येते कीं, हप्ता एकहि चुकविला नसतां सिबिल उतरल्याचें सांगून बँकेनें कर्जाचा अर्ज परत केला. नांगरट होऊन बी-खतास पैसा हवा असतां ही वार्ता कळावी, म्हणजे सारा हंगामच हातचा जाण्याची वेळ. सबब हा अंक कशानें उतरतो, तें पाहणें अगत्याचें आहे.

पूर्वीं माणसाची पत गांवांत ठरत असे; आतां ती खात्याच्या नोंदींवरून ठरते. २००५ सालच्या कायद्यान्वयें अशी माहिती गोळा करणाऱ्या चार कंपन्या आज देशांत आहेत. २००० सालीं स्थापन झालेली सिबिल ही त्यांपैकीं एक; तिच्याच नांवानें हा अंक लोकांत ओळखला जातो. बँका आपल्या कर्जदारांची माहिती या कंपन्यांस कळवितात व तीवरून ३०० ते ९०० पर्यंत अंक काढला जातो. विहीर आटली कीं गारपीट झाली, हें या अंकास कळत नाहीं. ठरल्या तारखेस पैसा आला कीं नाहीं, एवढेंच कळतें.

वेळेवर फेड करणाऱ्याचा घात पुष्कळदां जामीनकीनें होतो. भावकींतील कोणाच्या ट्रॅक्टरच्या कर्जास सही देऊन आपण तें विसरतों. नोंद मात्र विसरत नाहीं. मूळ कर्जदार थकला कीं त्या थकबाकीची झळ जामीनदाराच्या पतीसहि लागते, आणि त्यास तिचा पत्ताहि नसतो.

दुसरें कारण तडजोडीचें. थकलेलें कर्ज कमी रकमेंत एकरकमी मिटविलें, म्हणजे आपण मोकळे झालों असें वाटतें. परंतु खातें पूर्ण फेडीनें बंद न दाखवितां तडजोडीनें मिटल्याचा शेरा पडतो, व तो पुढें नडतो. तिसरें, थोड्या दिवसांत चार ठिकाणीं कर्जाचे अर्ज केल्यास प्रत्येक ठिकाणची चौकशी नोंदली जाऊन अंक कांहींसा खालीं येतो. आपलें पत्रक आपण स्वतः पाहिल्यानें मात्र तो उतरत नाहीं. चौथें कारण निव्वळ चुकीचें: फेडलेलें खातें उघडेंच राहणें, किंवा नामसादृश्यामुळें दुसऱ्याचें कर्ज आपल्या माथीं येणें.

यावर उपाय आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक कंपनीकडून वर्षांतून एकदां संपूर्ण पत्रक विनामूल्य मिळतें. तें चैत्रांतच मागवावें. मृग लागल्यावर दुरुस्तीस अवधि उरत नाहीं. चूक आढळल्यास बँकेकडे व कंपनीकडे लेखी तक्रार करून पोंच घ्यावी. ३० दिवसांत निकाल न लागल्यास पुढें दर दिवसास १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे. कर्ज फिटतांच बेबाकी दाखला घेऊन तो सातबाऱ्याच्या उताऱ्याइतकाच जपून ठेवावा.

कोणास जामीन राहूंच नये, असें आमचें म्हणणें नाहीं. परस्परांच्या भरंवशावांचून शेतीचा गाडा चालत नाहीं. मात्र ज्यास सही दिली, त्याच्या भरण्याची पावती दरसाल पाहण्यास मागावी. त्यांत संकोच कसला? सही देतांना आपण आपली पतच त्याच्या हवालीं केलेली असते.