फोर बाय फोर गाडीही चिखलात का अडकते? डिफ लॉक आणि गिअर रेशो निवडण्याआधी हे वाचा

पावसाळ्यात सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर हे दृश्य हमखास दिसतं. फोर बाय फोर गाडी चरात तिरकी झालेली असते. पुढचं एक आणि मागचं एक चाक हवेत गरागरा फिरत असतं आणि जमिनीवर टेकलेली उरलेली दोन चाकं मात्र ढिम्म हलत नाहीत.

इंजिनात ताकद आहे, चारही चाकांना जोडणी आहे, मग गाडी जागची का हलत नाही?

याचं उत्तर एक्सलच्या मध्ये दिसणाऱ्या लोखंडी फुगवट्यात आहे. त्याच्या आत दोन महत्त्वाच्या गोष्टी असतात, डिफरन्शिअल आणि क्राऊन-पिनियन. ऑफ-रोडिंगची हौस असलेले लोक बदल करतात ते मुख्यतः याच दोन ठिकाणी. पण क्रम चुकला, तर तेच काम दोनदा करावं लागतं.

डिफरन्शिअल अडचण का करतो?

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणं हे डिफरन्शिअलचं काम. रस्त्यावर ते उत्तमच आहे.

पण साधा, म्हणजे ओपन डिफरन्शिअल दोन्ही चाकांना जवळपास सारखाच टॉर्क देतो. हवेतलं चाक फिरवायला कितीसा टॉर्क लागणार? अगदी नगण्य. मग जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच मिळतो. त्यामुळे एक्सिलरेटर कितीही दाबला, तरी गाडी पुढे सरकत नाही.

लॉक लागला की दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात आणि पकड असलेल्या चाकाला जोर लावता येतो.

लॉकचे प्रकार कोणते?

*चालकाने लावायचा लॉक:* हा हवेच्या दाबावर, विजेवर किंवा लिव्हरवर चालतो. फोर्स गुरखामध्ये पुढे आणि मागे असे दोन्हीकडे लॉक मिळतात. हवा तेव्हा लावा, नको तेव्हा काढा.

*आपोआप लागणारा लॉक:* नाशिकमध्ये तयार होणाऱ्या महिंद्रा थारच्या काही आवृत्त्यांत मागे असा मेकॅनिकल लॉक असतो. दोन चाकांच्या वेगात ठरावीक फरक पडला की तो स्वतःहून लागतो. म्हणजे चाक थोडं घसरल्यावरच तो कामाला येतो.

*ब्रेकवर चालणारी यंत्रणा:* मारुती जिम्नीमध्ये ही आहे. फुकट फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्या चाकाकडे जोर वळवला जातो. हौशी वापराला ही अनेकदा पुरते, पण सतत वापरली तर ब्रेक तापतात.

गिअर रेशोचं गणित

पिनियनला 10 दात आणि क्राऊनला 41 दात असतील, तर रेशो झाला 4.10. म्हणजे पिनियन 4.10 वेळा फिरला की क्राऊनची एक फेरी होते. आकडा जितका मोठा, तितका चाकाला टॉर्क जास्त आणि त्याच वेगाला इंजिनाच्या फेऱ्याही जास्त.

आता 29 इंची टायर काढून 33 इंची बसवले असं समजा. मोठ्या टायरमुळे 4.10 चा रेशो प्रत्यक्षात 3.60 सारखा वागू लागतो. चढावर गाडी दम तोडते, क्लच जळतो. पूर्वीसारखा जोर हवा असेल, तर 4.10 गुणिले 33 भागिले 29, म्हणजे सुमारे 4.67 रेशो हवा. त्याच्या जवळचे नेहमीचे रेशो म्हणजे 4.56 आणि 4.88. हायवेवर जास्त फिरणाऱ्याने पहिला घ्यावा, डोंगरात जास्त जाणाऱ्याने दुसरा.

धोका आणखी एक आहे. मीटर 29 इंची टायरच्या हिशेबाने चालतं. ते 80 दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात 91 च्या आसपास असू शकते. शिवाय जड टायरमुळे थांबायलाही जास्त अंतर लागतं.

पण मोठा आकडा घेतला म्हणजे सगळं साधलं असं नाही. 4.88 साठी पिनियनला बहुधा 8 च दात असतात आणि पिनियन लहान होतो, त्यामुळे त्याची मजबुतीही कमी होते.

मग क्रम कोणता?

आधी टायरचा आकार पक्का करा. त्यावरून रेशो काढा. लॉक सगळ्यात शेवटी निवडा. कारण काही एक्सलमध्ये रेशो बदलला की आतला कॅरिअरही वेगळा लागतो. आधी घेतलेला लॉक नव्या रेशोला बसलाच नाही, तर पैसे पाण्यात.

दोन्ही कामं एकदमच करून घ्यावीत. लॉक बसवताना कॅरिअर बाहेर काढावा लागतो आणि क्राऊन-पिनियनमधली फट पुन्हा मोजून जुळवावी लागते. ही जुळवणी चुकली, तर आधी घरघर सुरू होते आणि मग दात झिजतात.

रेशो बदलायचा तर पुढच्या आणि मागच्या दोन्ही एक्सलचा बदला. एकाच एक्सलचा बदलून फोर बाय फोर लावलं, तर दोन्ही एक्सल एकमेकांविरुद्ध ओढतात आणि त्यात गिअर किंवा शाफ्ट तुटू शकतो.

एकच लॉक परवडत असेल, तर तो मागे बसवा. चढावर वजन मागे सरकतं, त्यामुळे मागच्या चाकांना पकड जास्त मिळते. पुढचा लॉक लावल्यावर स्टिअरिंग जड होतं आणि गाडी वळायला कुरकुरते. कोरड्या डांबरी रस्त्यावर तर कोणताच लॉक लावून ठेवू नये.

खर्च करण्याआधी

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करायला बंदी आहे. वॉरंटी आणि विम्याचा दावाही अडकू शकतो. त्यामुळे आरटीओ आणि विमा कंपनीकडे आधीच चौकशी करावी.

आणि वर्षातून दोन-चारदाच चिखलात जाणार असाल, तर चांगले टायर, कच्च्या वाटेवर त्यातली थोडी कमी केलेली हवा आणि ओढायला सोबत दुसरी गाडी एवढं बहुतेक वेळा पुरतं. मात्र परत डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा भरायला विसरू नका.