मोबाईलवरचे पत्र आणि डोळ्यांची चाळिशी

"डॉक्टर, मोबाईलने माझे डोळे बिघडवले," ही तक्रार दवाखान्यात नेहमी ऐकू येते. तिच्यात तथ्य किती आणि गैरसमज किती, हे कळण्यासाठी मोबाईलवर ई-मेल वाचण्याची सोय नवीन होती तो काळ आठवणे उपयोगाचे ठरेल.

१९९९ साली बाजारात आलेल्या नोकिया ७११० या फोनवर 'वॅप' पद्धतीने इंटरनेट पाहता येई. त्याचा पडदा आडवा ९६ आणि उभा ६५ ठिपक्यांचा, तोही एकरंगी. त्यावर जेमतेम पाच-सहा ओळी मावत. दोनशे शब्दांचे पत्र वाचायचे तर मजकूर दहा-पंधरा वेळा खाली सरकवावा लागे. संपर्क जुळायला वेळ लागे आणि पैसे मिनिटांवर मोजले जात. पत्राला जोडलेले कागद किंवा चित्रे बहुधा उघडतच नसत. मराठीतून पत्र आले तर देवनागरी अक्षरांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हे दिसत. पत्र खिशात आले खरे, पण वाचणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येई!

डोळे का शिणत?

वाचताना आपली नजर ओळीवरून सलग घसरत नाही. ती लहान लहान उड्या मारत जाते. पुढची उडी कोठे घ्यायची, हे कडेच्या नजरेला दिसणाऱ्या पुढच्या अक्षरांवरून ठरते. चिमुकल्या पडद्यावर ओळ दोन-तीन शब्दांतच तुटते, त्यामुळे ही लय बिघडते. मागचा मजकूर दिसेनासा झाल्यामुळे तो डोक्यात धरून ठेवावा लागतो. डोळ्यांबरोबर मनही थकते ते यामुळे.

दुसरे कारण अंतराचे. जवळचे पाहताना डोळ्यातील स्नायू आकुंचन पावतो आणि भिंग फुगीर होते. वस्तू जितकी जवळ, तितके स्नायूला काम जास्त. त्यातच टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते, डोळे कोरडे पडतात व चुरचुरतात.

चाळिशीची अडचण

वयाच्या चाळिशीच्या सुमारास हे भिंग कडक होऊ लागते व जवळचे अंधूक दिसते. म्हणून माणूस वर्तमानपत्र लांब धरून वाचतो. त्या फोनवर हा उपायही चालत नसे. लांब धरावा तर अक्षर बारीक, जवळ धरावा तर पुसट! अशा वेळी दोष फोनचा वाटे, पण खरी गरज चष्म्याची असे.

आज पडदे मोठे झाले, मराठी अक्षरेही सुबक दिसतात. तरीही पुष्कळ जण बारीक अक्षर तसेच ठेवून, अंधारात, नाकाजवळ फोन धरून वाचतात.

काय करावे?

१) फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार वाढवावा. फोन जवळ आणण्यापेक्षा अक्षर मोठे करणे केव्हाही चांगले.
२) फोन डोळ्यांपासून सुमारे ४० सेंटीमीटरवर धरावा. खोलीत दिवा असावा.
३) दर २० मिनिटांनी २० सेकंद, २० फुटांपलीकडे पाहावे. पापण्या मुद्दाम मिटाव्यात.
४) लांबलचक पत्र शक्यतो संगणकावर किंवा कागदावर वाचावे.
५) चाळिशीनंतर डोळे तपासून योग्य नंबरचा चष्मा घ्यावा. जत्रेतला किंवा शेजाऱ्याचा चष्मा लावू नये.

येथे दुर्लक्ष नको

मोबाईलने आलेला शीण विश्रांतीने जातो. विश्रांतीनंतरही नजर अंधूक राहिली तर "मोबाईलमुळे होते" म्हणून सोडून देऊ नये. काचबिंदू बहुधा गुपचूप वाढतो आणि त्यात गेलेली दृष्टी परत येत नाही. मधुमेहातही नेत्रपटलाची हानी सुरुवातीला जाणवत नाही. म्हणून मधुमेह्यांनी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून तपासणी करून घ्यावी. एकाएकी दिसेनासे होणे, नजरेसमोर पडदा आल्यासारखे वाटणे, किंवा डोळा लाल होऊन तीव्र वेदना, उलट्या व दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे, ही लक्षणे असतील तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

फोन जुना झाला तर बदलता येतो. डोळे मात्र तेच जन्मभर वापरायचे आहेत.