पासवर्डचा हलीम

हैदराबादला काचीगुड्यात माझी आत्या राहते. परवा ती ईमेलचा पासवर्ड विसरली. मला म्हणाली, "अरे, कंपनीला फोन करून विचार की! त्यांच्याकडे लिहून ठेवलेला असेलच."

"आत्या, त्यांनाही तो माहीत नसतो."

"मग रोज मला आत कसे सोडतात?"

बिनतोड प्रश्न! उत्तरासाठी रमझानच्या दिवसांत चारमिनारजवळ चला. तिथे भट्टीवरच्या देगांमध्ये गहू, डाळी आणि मटण तासन्‌तास शिजतं. लांब दांड्याच्या लाकडी घोटण्यांनी ते घोटून घोटून एकजीव करतात. हाच तो हैदराबादी हलीम. 2010 साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आता त्यातून गव्हाचा एक अख्खा दाणा काढून दाखवा बरं!

संगणकाकडेही अशीच एक गणिती घोटणी असते. तिला 'हॅश' म्हणतात. पासवर्ड घातला की अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक माळ बाहेर पडते. त्या माळेवरून मूळ शब्द उलटा काढता येत नाही. कंपनी फक्त माळ जपते. उद्या तुम्ही पासवर्ड टाइप केलात की तो पुन्हा घोटायचा आणि दोन्ही माळा जुळतात का ते पाहायचं. (हलीम दोनदा अगदी सारखा कुणालाच जमत नाही. हॅशला मात्र दर वेळी जमतो!)

पूर्वी असं नव्हतं. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत 1960च्या दशकात एक मोठा संगणक होता, सगळ्यांनी वाटून वापरायचा. त्यात पासवर्ड सरळ जसेच्या तसे लिहिलेले असत. 1962 साली अॅलन शेर नावाच्या विद्यार्थ्याला संगणकावर जास्त वेळ हवा होता, म्हणून त्यानं ती अख्खी यादीच छापून घेतली! पुढे एकदा तर घोटाळा होऊन स्वागताच्या निरोपाऐवजी सगळ्यांचे पासवर्डच येणाऱ्या प्रत्येकापुढे उघड झाले.

पण समजा, तुमचा आणि माझा पासवर्ड एकच निघाला, तर माळाही सारख्याच दिसणार आणि चोराचं काम सोपं होणार. म्हणून घोटण्याआधी प्रत्येकाच्या पासवर्डात वेगळी चिमूट टाकतात, म्हणजे काही सटरफटर अक्षरं. संगणकवाले तिला खरोखरच 'मीठ' म्हणतात! शिवाय पासवर्डची घोटणी मुद्दाम संथ ठेवतात. तुम्हाला कळतही नाही, पण लाखो शब्द घोटून पाहणाऱ्या चोराचे हात भरून येतात.

आता आत्याचं काम. तिच्या मोबाइलवर एक कोड आला. तो थोडाच वेळ चालणारा आणि एकदाच वापरायचा. तो टाकल्यावर तिनं नवा पासवर्ड ठरवला. तो कुलूपबंद जोडणीतून गेला, नवं मीठ पडलं, नवी माळ तयार झाली आणि जुनी फेकली गेली.

तेवढ्यात तिला एक अक्षर खटकलं. पुन्हा बदलायला गेली, तर आत असूनही आधीचा पासवर्ड विचारला. "आत्ताच तर दिला!" ती वैतागली.

"तू चहा टाकायला गेलीस आणि मीच बदलून टाकला तर?"

ती हसली. मग एकदम गप्प झाली.

"काय रे, कंपनी नुसती माळ ठेवते, तर परवा फोनवर 'ईमेल कंपनीतून बोलतोय, पासवर्ड सांगा' म्हणणारा तो कोण होता?"