जमीन गोठण्याआधी सहा आठवडे

न्यू जर्सी किंवा टोरांटोकडच्या बागेत एकिनेशिया, रुडबेकियासारख्या बहुवर्षायू फुलझाडांची रोपं जमीन गोठण्याच्या सुमारे सहा आठवडे आधी लावावीत. हवा गारठली तरी माती उबदार असते. वरची वाढ मंदावते, पण खाली मुळं पसरत राहतात. नत्रयुक्त खत मुळीच नको, त्यानं फुटलेली कोवळी पालवी पहिल्या कडाक्यात करपते. सगळ्यात जपायचं ते माती पुन्हापुन्हा गोठण्या-वितळण्याला. त्या फुगण्या-बसण्यात उथळ मुळांची रोपं अक्षरशः उचकटून वर येतात आणि उघड्या मुळांनी सुकून मरतात. म्हणून लावताना बुंध्याभोवतीची माती नीट दाबावी, जमीन गोठेपर्यंत पाणीही तोडू नये. पालापाचोळ्याचं पाच-सात सेंटिमीटर आच्छादन मात्र जमीन गोठल्यावरच घालावं. आधी घातलं तर उंदीर त्यात बिऱ्हाड करतात.