सातबाऱ्यावर ऊस चढला का?



लागण झाली, कारखान्यात नोंद दिली की काम संपले, असे आपण धरून चालतो. पण गाव नमुना 12 मध्ये त्याच बांधीत अजून धानच उभा असेल तर? पीककर्ज अन् नुकसानभरपाईच्या वेळी तोच कागद पाहिला जातो.

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर 'ई-पीक पाहणी' सुरू झाली. आपल्या पिकाची नोंद आपणच मोबाइलवरून करायची. मोबाइलवर दिसते ती नुसती खिडकी. दफ्तर असते मागे, शासनाच्या संगणकावर. त्यात गटवार ओळी. आपण गट, क्षेत्र, पीक भरतो, शेतात उभे राहून फोटो काढतो. फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांशही जातात. मधला कार्यक्रम म्हणजे कारकूनच समजा. चिठ्ठी तपासतो, नेमकी ओळ शोधतो, नोंद चढवतो. 1 मे 2018 पासून मिळू लागलेला डिजिटल सहीचा सातबाराही महसुली दफ्तरातलाच. त्यामुळे मूळ ओळीत क्षेत्र चुकले असेल, तर हा कारकून चूकही इमानेइतबारे छापून देतो! ती दुरुस्ती महसूल कार्यालयात अर्ज करूनच.

साखर आयुक्तालयाने 2022 साली आणलेले 'महा-ऊस नोंदणी' ॲप मात्र निराळे. एका ठिकाणी नोंद केली म्हणजे दुसरीकडे आपोआप झाली, असे समजू नका. सामाईक खात्यात भावाभावांनी आपापले क्षेत्र वेगळे भरावे. अन् फोटो हंगामाच्या मुदतीत, उभ्या उसातच काढा. तोड झाल्यावर पाचटाचा फोटो कोण मानणार?