पीएच.डी., मार्गदर्शक आणि यंत्र

‘‘सर, पीएच.डी. हल्ली ऑनलाइन होते का?’’ असा प्रश्न यंदा एम.ए.च्या वर्गात एका विद्यार्थिनीने विचारला. वर्ग हसला; पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ‘होत नाही’ एवढेच उत्तर मी तासाला दिले. उरलेले येथे लिहितो.

सोलापूरला स्वतःचे विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी मिळाले. (आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने ओळखले जाते.) त्यापूर्वी आपली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती आणि संशोधन करू इच्छिणाऱ्याला कोल्हापूरची वाट धरावी लागे. मीही त्यांतलाच. शनिवारचे तास आटोपून एस.टी. पकडायची, मंगळवेढा, सांगोला, मिरज करीत रात्री उशिरा पोहोचायचे आणि रविवारी सकाळी प्रकरणाची वही घेऊन मार्गदर्शकांच्या दारात उभे राहायचे. सर आरामखुर्चीत बसून माझ्यासमोरच वाचत. चूक सापडली तरी बोलत नसत. फक्त पेन्सिल थांबे. ती थांबली की माझ्या पोटात गोळा येई. ती तेथेच का थांबली, याचा विचार परतीच्या प्रवासभर चाले. माझे निम्मे संशोधन एस.टी.त झाले असे मी म्हणतो, आणि ते फारसे खोटे नाही.

आता नवी साधने काय करतात ते पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक झाले. या प्रती गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात ठेवतात. त्या कोणालाही विनामूल्य वाचता येतात. आपल्या विषयावर आधी कोणी लिहिले आहे काय, एवढे पाहण्यासाठी मी पुण्याच्या जयकर ग्रंथालयात दोन दिवस काढले होते. बार्शीचा विद्यार्थी आज ते काम घरबसल्या करतो. हा लाभ लहान नव्हे. टाळेबंदीच्या वर्षी, २०२० साली, मौखिक परीक्षाही पडद्यावर घेण्याची मुभा मिळाली होती.

दुसरे साधन साम्य तपासणारे. हे यंत्र मजकुराचे लहान लहान तुकडे करते, आपल्या साठ्यातील मजकुराशी ताडून पाहते आणि टक्केवारी सांगते. २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. साठाच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. पण मराठीची गोष्ट निराळी आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीचे पुष्कळ मराठी प्रबंध ‘श्री-लिपी’सारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेले आहेत. डोळ्यांना ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी तेथे भलतेच चिन्ह असते. काही प्रबंध तर पानांच्या नुसत्या छायाचित्रांच्या रूपात चढवलेले आहेत. अशा प्रबंधातून कोणी पाने उचलली तर यंत्राला पत्ताही लागत नाही. तो लागायचा तर कोणीतरी माणसाने वाचावे लागते.

हे मला अनुभवाने कळले. माझी एक विद्यार्थिनी अक्कलकोट तालुक्यात शिक्षिका आहे, विषय लोकगीतांचा. तिच्या तिसऱ्या प्रकरणात यंत्राने चारच टक्के साम्य दाखवले. मी निर्धास्तपणे वाचायला बसलो, तो पाचव्या पानावर भाषा एकाएकी बदलली. तिची वाक्ये आखूड. ही चांगली दीड-दीड वीत. मी फोन केला. बराच वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘सर, आधीची दोन प्रकरणे तीन महिने तुमच्याकडे होती. तुम्ही वाचता असं वाटलंच नाही.’’

तिची चूक होतीच. पण तिचे म्हणणेही खरे होते. दोन्ही प्रकरणे मोबाइलवर आली, त्याच क्षणी मी ‘मिळाले’ असे उत्तर पाठवून हात जोडल्याचे चित्र लावले होते. प्रकरण मिळणे म्हणजे वाचणे, असा माझाच समज झाला होता. कोल्हापूरच्या सरांना ही सोय नव्हती. मी दारात उभा असे.

मार्गदर्शकाचा वेळ मर्यादित असतो हे नियमही जाणतात. २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच संशोधक असू शकतात. आफ्रिकेतील अनुभवही येथे पाहण्याजोगा आहे. तेथे अंतरे आपल्याहून मोठी. नैरोबी आणि जोहान्सबर्ग येथील संस्थांच्या पुढाकाराने २००८ साली ‘कार्टा’ नावाचा विद्यापीठांचा संघ स्थापन झाला. तो निरनिराळ्या देशांतील पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना संशोधनकाळात चार वेळा निवासी चर्चासत्रांसाठी एकत्र आणतो. संगणक हाताशी असताना विमानाचा खर्च ते उगाच करीत नसावेत! शिवाय मार्गदर्शकांनाही तेथे प्रशिक्षण मिळते. आपल्याकडे मार्गदर्शक होण्यापूर्वी मला कोणी काही शिकवले नाही, आणि मीही ते मागितले नाही.

त्या रविवारी मी तिला सोलापुरास बोलावले. उसनी पाने आम्ही दोघांनी मिळून काढून टाकली. ती का घेतली, असे विचारले तेव्हा कळले की गावातल्या बायकांनी सांगितलेल्या, अर्ध्या मराठी अर्ध्या कानडी ओव्या तिच्याकडे वहीभर होत्या. पण त्या प्रबंधात शोभणार नाहीत अशी तिची समजूत होती. आता प्रकरण त्याच वहीवर उभे आहे.

ती दर पंधरवड्याला एस.टी.ने येते, छापील पाने आणते. मी समोर बसून वाचतो. गेल्या रविवारी पेन्सिल तीन ठिकाणी थांबली. त्यांपैकी दोन ठिकाणी तिचेच बरोबर निघाले.